पपनसाच्या सरबतातला सोमल

सोमल थंड पाण्यात सहजी विरघळत नाही. उकळत्या पाण्यात बराचसा विरतो, पण गार सरबतात टाकला तर थोडी पूड वर तरंगते आणि बाकीची हळूहळू तळाशी जाऊन बसते. विष देणाऱ्याला हवे ते सगळे या पदार्थात आहे. रंग पिठीसाखरेसारखा, वास नाही, चव असून नसल्यासारखी. तळाशी बसण्याची ही एक खोड मात्र वाईट. १८७४ सालच्या दिवाळीत बडोद्याची गादी या खोडीपाशी येऊन अडखळली.

९ नोव्हेंबरची सकाळ. बडोद्याचा ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर नेहमीप्रमाणे फिरून बंगल्यावर आला. त्याच्या खोलीत हात-तोंड धुण्याच्या मेजावर पपनसाच्या सरबताचा पेला रोज तयार असे. त्याने दोन-तीन घोट घेतले, पेला बाजूला ठेवला आणि तो लिहायला बसला. अर्ध्या तासात त्याला कसेसेच होऊ लागले. मळमळले, डोके गरगरले, तोंडाला पाणी सुटले, तांबे चाटल्यासारखी चव जिभेवर आली. पपनस खराब असेल असे वाटून उरलेले सरबत त्याने खिडकीतून व्हरांड्यात भिरकावले. पेला परत ठेवताना त्याचे लक्ष तळाकडे गेले. काचेवरून काळपट गाळ खाली ओघळत होता.

त्याने रेसिडेन्सीचा सर्जन डॉ. सिवर्ड याला बोलावून तो पेला त्याच्या स्वाधीन केला. सिवर्डने घरी जाऊन गाळ तपासला. त्यात सोमल होता, शिवाय चमचमणारे काही कठीण कणही होते. उरलेला गाळ मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात सरकारी रसायन-परीक्षक डॉ. ग्रे याच्याकडे गेला. त्याचाही निष्कर्ष तोच निघाला, पांढरा सोमल आणि सोबत कसली तरी चकाकती पूड. रेसिडेंटवर विषप्रयोग झाल्याची तार मात्र मुंबई सरकारला त्याआधीच पोचली होती.

संशय कोणावर जाणार हे बडोद्यातल्या पोरासोरांनाही कळत होते.

मल्हारराव गायकवाड १८७० च्या अखेरीस, थोरले बंधू खंडेराव वारल्यावर, गादीवर आले. त्याआधीची काही वर्षे ते पादऱ्याला कैदेत होते, आणि तिथे त्यांना ठेवले होते खुद्द खंडेरावांनीच, आपल्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून. म्हणजे भावाभावांच्या व्यवहारात विषाची कुजबूज आधीपासूनच होती. खंडेरावांच्या विधवा जमनाबाई तर जिवाच्या भीतीने बडोदा सोडून पुण्याला राहिल्या. खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे तुरुंगात मेले, तेव्हाही लोकांनी विषाचेच नाव घेतले. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे त्यांचे कैवारीसुद्धा म्हणत नसत. जप्त्या, मनमानी वसुली, मर्जीतल्या माणसांची चैन यांची चौकशी १८७३ मध्ये एका सरकारी कमिशनने केली होती, आणि सुधारणेसाठी महाराजांना १८७५ च्या अखेरपर्यंतची मुदत मिळाली होती.

फेअरला ही मुदत मान्य नव्हती. १८७३ च्या मार्चमध्ये तो बडोद्याला आला तेव्हापासून दरबाराशी त्याचे हाडवैर जमले. १८७४ च्या मे महिन्यात मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केले, ऑक्टोबरात मुलगा झाला, आणि हा मुलगा वारस मानायचा की नाही यावरून कटुता टोकाला गेली. २ नोव्हेंबरला महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता धाडला की या माणसाला इथून हलवा. त्यानंतर सातव्या दिवशी सरबताच्या पेल्यात गाळ सापडला. फेअरला काढून टाकण्याची खलित्यात केलेली मागणी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकने महिना संपायच्या आत मान्य केली, आणि डिसेंबरात सर लुई पेली बडोद्याला आला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराजांना एवढा धीर धरवला नसेल का? पुढे बचावाच्या वकिलाने नेमका हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत या प्रकरणासाठी बसलेल्या कमिशनसमोर ठेवला.

त्या वादात शिरण्याआधी विषाकडे वळतो, कारण या खटल्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी राजकारण उगाळले आणि सोमल तसाच पुडीत ठेवला.

सोमल, हरताळ आणि मनशीळ ही एकाच घरातली भावंडे. तिन्हीत आर्सेनिक असते. हरताळ पिवळी, मनशीळ तांबडी, सोमल पांढरा. पोथी लिहिताना अक्षर चुकले की त्यावर हरताळेचा लेप देऊन ते बुजवीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. त्या काळच्या बाजारात सोमल सहज मिळे. उंदरांसाठी तो लागे, जनावरांच्या औषधात लागे, वैद्य त्याचे शोधन करून मात्रा बनवीत. गोऱ्या डॉक्टरांच्या पेटीतही आर्सेनिक असेच. थॉमस फाउलरच्या नावाने १७८६ पासून चाललेले त्याचे द्रावण हिवतापापासून त्वचारोगापर्यंत कशालाही थेंबाथेंबाने दिले जाई. इंग्लंडात १८५१ च्या कायद्याने सोमल घेणाऱ्याची सही नोंदवहीत घेणे आणि किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळणे सक्तीचे झाले होते, म्हणजे तो साखरेत किंवा पिठात खपू नये. बडोद्याच्या बाजारावर असला कायदा चालत नव्हता.

प्राण घ्यायला सोमल किती लागतो? जुन्या इंग्रजी न्यायवैद्यक ग्रंथांत दोन ते तीन ग्रेन हा आकडा येतो. आपल्या मापात सांगायचे तर जेमतेम दीड गुंज. सोनाराच्या ताजव्याशिवाय तेवढे धड तोलताही यायचे नाही.

समजा, फेअरने त्या सकाळी पेला ढवळून पूर्ण रिकामा केला असता. पुढचा दिवस कसा गेला असता, हे त्या काळच्या कोणत्याही अनुभवी सर्जनला सांगता आले असते. अर्ध्या-एक तासात घसा आवळल्यासारखा होतो, अन्ननलिकेपासून पोटापर्यंत आग पेटते आणि उलट्या सुरू होतात. पोटात कळा येतात. मग जुलाब लागतात, आणि त्यांचे रूप तांदळाच्या धुवणासारखे होत जाते. पाण्यासाठी जीव कासावीस होतो, पण घोट घेताच तो उलटतो. पोटऱ्यांत गोळे येतात, कातडी थंड आणि चिकट लागते, नाडी बारीक होत जाते, लघवी थांबते. बहुतेकदा रोगी शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. दिवस-दीड दिवसात सारे आटोपते, कधी त्याहून लवकर. हे वर्णन वाचताच आपल्या पणजोबांच्या पिढीतला कोणीही म्हणाला असता, ही तर पटकी! सोमलाची हिंदुस्थानातली खरी ताकद हीच होती. पटकीची साथ नाही असे वर्ष क्वचित जाई, आणि एका तांड्यात किंवा एका वाड्यात एखादा माणूस ओकून-ढाळून गेला तर त्याचे पोट उघडून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

आतड्याची अशी दैना का होते, हे मात्र १८७४ मध्ये कोणालाच उमगलेले नव्हते. आज ते ठाऊक आहे. आपल्या पेशींतल्या कित्येक प्रथिनांवर गंधक आणि हायड्रोजन यांच्या जोड्या असतात. अन्नातून ऊर्जा काढणारी काही एन्झाइम या जोड्यांच्या बळावर चालतात. सोमलातले आर्सेनिक नेमके या गंधकाला जाऊन चिकटते, आणि शेजारी शेजारी दोन जोड्या सापडल्या तर दोघींना एकदमच पकडते. यंत्र बंद पडते. साखर रक्तात आहे, प्राणवायू आहे, पण पेशीला त्यातून काही हाती लागत नाही. रक्ताच्या केशवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतले पाणी आतड्यात झिरपते, म्हणून ते धुवणासारखे जुलाब. हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडतो, आणि पुष्कळदा तोच जीव घेतो.

यातून जो वाचतो त्याचीही लगेच सुटका नसते. दोन-तीन आठवड्यांनी पायांची बोटे मुंग्या आल्यासारखी बधिरतात. मग हीच बधिरता मोजे चढवल्यासारखी वर सरकते, हातांतली पकड जाते, चालताना पाय ओढावा लागतो. महिना-दीड महिन्यात नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. डच वैद्य मीस याने १९१९ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. नख सरासरी किती वेगाने वाढते हे माहीत असल्याने रेघ मुळापासून किती पुढे आली ते मोजून विष कधी गेले याचा अंदाज बांधता येतो.

फेअरने सांगितलेल्या तक्रारींत यातले फारसे काही नव्हते. मळमळ, भोवळ, लाळ, तोंडातली धातूची चव इतकेच. दोन-तीन घोटांत, तेही न ढवळलेल्या पेल्याच्या वरच्या थरातून, पोटात गेला असेल तो अगदी नखभर सोमल. त्या सकाळी त्याला सोमलाच्या न विरघळण्याने वाचवले, असे मला वाटते. ढवळण्यासाठी मेजावर चमचा असता तर इंग्रजी राज्याच्या इतिहासाला वेगळीच कलाटणी मिळाली असती.

आणि पेला खरोखर रिकामा झाला असता तर डॉ. सिवर्डने काय केले असते? पहिल्यांदा मोहरीचे किंवा मिठाचे पाणी, नाहीतर झिंक सल्फेट देऊन ओकारी काढली असती. दूध पाजले असते, अंड्याचा पांढरा बलक दिला असता. हाताशी सामान असते तर त्याने उताराही बनवला असता. जर्मनीत गॉटिंगेनला रॉबर्ट बुन्सेन आणि बेर्टहोल्ड यांनी १८३४ मध्ये दाखवून दिले होते की लोहाचा ताजा साका, म्हणजे गंजाच्या रंगाचा ओलसर लगदा, सोमलाला धरून ठेवतो. प्रयोगशाळेतल्या दिव्यामुळे सगळ्यांना माहीत असलेला तोच हा बुन्सेन. हा लगदा ऐनवेळी तयार करायचा आणि चमच्याचमच्याने रोग्याला भरवत राहायचे. कल्पना चुकीची नव्हती. पण तो लगदा जठरात असलेल्या सोमलालाच पकडणार. आतड्याची भिंत ओलांडून रक्तात गेलेल्या कणाला माघारी बोलावणारे जगात काहीही नव्हते. पुढची पासष्ट वर्षे ते नव्हतेच.

माणूस वाचवण्याच्या बाबतीत विज्ञान असे लंगडे असताना विष शोधण्यात मात्र ते फार पुढे गेले होते. १८३३ मध्ये इंग्लंडात एका नातवावर आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याचा खटला झाला. रसायनज्ञ जेम्स मार्शने पिवळा साका काढून दाखवला, पण ज्यूरीपुढे येईपर्यंत त्याचा रंग उडाला आणि आरोपी सुटला. मार्शला ते इतके लागले की १८३६ पर्यंत त्याने नवी कसोटी उभी केली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालायचे, निघणारा वायू काचेच्या नळीतून नेऊन तापवायचा, आणि आर्सेनिक असेल तर नळीच्या थंड भागावर आरशासारखा चकचकीत काळा डाग धरतो. ग्रेनच्या बारीकशा अंशानेसुद्धा तो धरतो. पाच वर्षांनी राइन्शने तांब्याच्या पत्र्याची आणखी सोपी कसोटी काढली. मुंबईच्या रसायन-परीक्षकाकडे मुफसलातून बाटल्याच्या बाटल्या येत. या कचेरीत पुढे नाव काढलेल्या आय. बी. लायनने हिंदुस्थानसाठी न्यायवैद्यकाचे पाठ्यपुस्तकच लिहिले. तेव्हा डॉ. ग्रेने पेल्यात सोमल आहे म्हटले, तर तो होताच. त्यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते.

वाद होता तो सोमल पेल्यात कोणी घातला आणि कोणाच्या सांगण्यावरून घातला यावर. हे मार्शच्या नळीत दिसत नाही.

डिसेंबरात मुंबईचा पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली खास माणसे घेऊन बडोद्याला उतरला. अकबर अली, अब्दुल अली आणि गजानन विठ्ठल ही त्या काळची नावाजलेली गुप्त पोलिसांची त्रयी. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी पकडला गेला आणि माफीचे वचन मिळाल्यावर त्याने कबुलीजबाब दिला. आपणच पेल्यात पूड ओतली, रात्री चोरून महाराजांकडे जाणे-येणे होते, पैसे मिळत होते, असे त्याने सांगितले. नाताळच्या दिवशी अकबर अलीला रावजीच्या कमरपट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. इतके दिवस पट्टा पोलिसांच्या आवाक्यात असताना पुडी तेव्हाच का सापडावी, हा प्रश्न बचावाने पुढे कमिशनभर घोळवला. जमादार नरसूनेही गुन्हा कबूल केला आणि नंतर रेसिडेन्सीच्या आवारातल्या विहिरीत उडी घेतली. त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले. गोव्याचा पेद्रु डिसोझा हा रेसिडेंटचा बटलर. तो रजेवर गोव्याला जाऊन नुकताच परतला होता. रावजीने त्याचेही नाव घेतले. पेद्रुने महाराजांकडून प्रवासखर्चाचे पैसे घेतल्याचे मान्य केले, पण विषाची गोष्ट साफ नाकारली.

मोठा मासा होता तो महाराजांचा खासगी कारभारी दामोदरपंत. त्यालाही माफी कबूल झाली आणि तोही बोलू लागला. त्याच्या सांगण्याप्रमाणे घोड्याच्या औषधाच्या नावाखाली दोन तोळे सोमल मागवला होता. दीड गुंजेचा हिशेब इथे आठवावा. दोन तोळ्यांत शंभरावर माणसे मरतात. सोबत हिऱ्याची पूड करायला खड्यांची खरेदी झाली होती, आणि खासगीच्या हिशेबात हा खर्च भलत्याच नावावर टाकला होता. शिवाय एका हकिमाकडून एक बाटली आणवली होती. तिच्यातला अर्क म्हणे मोठे मुंगळे, साप आणि काळ्या घोड्याचे मूत्र यांपासून काढलेला. ही बाटली रावजीकडे दिली, ती त्याच्या कमरेला गळली आणि तिथे फोड उठला, अशीही हकिगत पुढे आली.

हिऱ्याच्या पुडीचे मात्र नवल वाटते. हिरकणी गिळून प्राण दिल्याच्या गोष्टी आपल्याकडे किती राजस्त्रियांच्या नावावर आहेत! हिरा आतडी कापतो, अशी समजूत. प्रत्यक्षात हिरा पोटात विरघळत नाही, कशाशी क्रिया करत नाही, बारीक पूड असेल तर जशी गेली तशी बाहेर पडते. पेल्यातली चकाकती पूड हिऱ्याचीच असेल तर ज्याने कोणी हा घाट घातला त्याने खऱ्या विषात एक महागडी आणि निरुपद्रवी अंधश्रद्धा मिसळली. एका दृष्टीने ती पूड कटवाल्यांना नडली. नुसता सोमल असता तर तो बाजारात कोणालाही मिळणारा. हिऱ्याची पूड म्हटल्यावर बोट सरळ राजवाड्याकडे गेले.

१४ जानेवारी १८७५ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, मल्हाररावांना अटक झाली. काही दिवस आधीच त्यांचे दिवाण दादाभाई नौरोजी वर्षभराच्या ओढाताणीला कंटाळून राजीनामा देऊन मोकळे झाले होते. २३ फेब्रुवारीला कमिशन बसले. अध्यक्ष बंगालचा सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच, सोबत सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेल्व्हिल हे दोन इंग्रज. हिंदी बाजूने ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि ग्वाल्हेरचे जुने दिवाण सर दिनकरराव. फिर्यादीकडून मुंबईचा अ‍ॅडव्होकेट जनरल स्कोबल उभा राहिला. बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आणला होता, टिचबोर्न वारसाहक्काच्या दाव्यात गाजलेला. हिंदुस्थानातल्या एका राजाचा निवाडा राजेमहाराजांनी इंग्रज न्यायाधीशांच्या मांडीला मांडी लावून करायचा, ही गोष्टच लोकांना अद्भुत वाटत होती. मुंबई-पुण्याच्या देशी वर्तमानपत्रांनी रोजचा वृत्तान्त छापला. ज्यांनी काल महाराजांच्या जुलमावर रकाने भरले होते तेही आज त्यांच्या बाजूने लिहू लागले.

बॅलंटाइनने उलटतपासणीत फेअरला सोलून काढले. साक्षीदार सगळे माफीचे, पोलिसांच्या ताब्यात राहून आलेले, आणि एकाचा जबाब दुसऱ्याशी जुळवून घेतल्यासारखा. त्या सगळ्या साक्षींतून पोलादासारखा पक्का पुरावा एकच उरतो, पेल्यातला गाळ. फेअरचे म्हणणे होते की सप्टेंबरपासूनच आपल्यावर हळूहळू विष चालले होते. कपाळावर झालेला गळू, जड झालेले डोके, पाणावणारे डोळे ही सगळी त्याचीच लक्षणे. रावजीनेही त्याला दुजोरा दिला. पण फेअरच्या शरीरातून याचा काडीइतका पुरावा कमिशनपुढे आला नाही. पेला बोलला, देह बोलला नाही. गळू पावसाळ्याच्या अखेरीस गुजरातेत कोणालाही होतो.

३१ मार्चला अहवाल झाला आणि मते बरोबर मधोमध दुभंगली. तिन्ही इंग्रजांच्या मते महाराज दोषी. तिघा हिंदी सभासदांना आरोप शाबित झालेला दिसला नाही. तीन विरुद्ध तीन. सरकारने मग आपल्याच हाताने कमिशनवर हरताळ फासली. एप्रिलमध्ये जाहीरनामा निघाला आणि मल्हाररावांना पदच्युत केले, पण विषप्रयोगासाठी नव्हे. कारणे दिली ती बेबंद कारभाराची आणि नालायकीची. तेवढ्यासाठी सोमलाची गरजच नव्हती, आणि सुधारणेच्या मुदतीचे आठ महिने अजून शिल्लक होते. महाराजांची रवानगी मद्रासला झाली. जमनाबाई पुण्याहून परत आल्या, आणि २७ मे १८७५ रोजी त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळराव नावाच्या मुलाला दत्तक घेतले. तेच पुढचे सयाजीराव.

सोमलाच्या कहाणीचे दुसरे टोक मात्र ऑक्सफर्डला सापडते. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत ल्युइसाइट नावाचा आर्सेनिकयुक्त वायू तयार झाला होता. तो वापरायच्या आतच युद्ध संपले. दुसरे युद्ध लागताच ब्रिटिशांना त्याची धास्ती वाटू लागली. ऑक्सफर्डचा रुडॉल्फ पीटर्स कित्येक वर्षे कबुतरांच्या मेंदूवर काम करत होता. बी-१ जीवनसत्त्व तोडल्यावर तो मेंदू साखर पुरती का जाळू शकत नाही, हा त्याचा विषय. आर्सेनिक नेमक्या त्याच टप्प्यावर खीळ घालते, हे त्याच्या हाती आले होते. एक गंधक असलेली औषधे आर्सेनिकाला धरत, पण ते निसटून पुन्हा प्रथिनाकडे पळे. मग स्टॉकन आणि थॉम्पसन या सहकाऱ्यांसह त्याने १९४० मध्ये शेजारी शेजारी दोन गंधक असलेला छोटा रेणू बनवला. प्रथिनाने आर्सेनिकाला जसे दोन हातांनी धरले होते तसेच, पण जास्त घट्ट, याने धरले आणि मूत्रावाटे बाहेर नेले. युद्धकाळात ते गुपित राहिले, १९४५ मध्ये जगाला कळले. ब्रिटिश अँटी-ल्युइसाइट, थोडक्यात बाल. औषधी नाव डायमर्कॅप्रॉल. हसू येते ते या गोष्टीचे, की ज्या रोग्यांना ते सुरुवातीला दिले गेले त्यांच्यात गरमीवरच्या आर्सेनिकच्या इंजेक्शनांनीच विषबाधा झालेले लोक होते.

आजही तीव्र सोमलबाधेवर तेच वापरतात. शेंगदाण्याच्या तेलातले ते इंजेक्शन स्नायूत खोलवर टोचावे लागते, किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, सुरुवातीला दर चार ते सहा तासांनी. दुखते फार आणि वास असह्य. रोगी गिळू शकत असेल तर सक्सिमर हे त्याचे सौम्य भावंड तोंडाने देता येते. पण पहिले काम शिरेतून भरपूर पाणी आणि क्षार देण्याचे, हृदयाच्या आलेखावर डोळा ठेवण्याचे. इतर विषांत उपयोगी पडणारा कोळसा आर्सेनिकला फारसा धरत नाही. उतारा जितका लवकर तितका बरा. नसा गेल्यावर तो त्या परत आणत नाही. आणि वर्षानुवर्षे थोडेथोडे पोटात गेले असेल तर या औषधांवर भिस्त ठेवता येत नाही. कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहांनी १९८३ मध्ये पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रोग्यांच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग आणि तळहातांवर कठीण गाठी पाहिल्या, तेव्हा त्यामागे कूपनलिकेच्या पाण्यातले आर्सेनिक निघाले. त्या गावांना इंजेक्शनाआधी दुसरे पाणी हवे होते.

फेअरच्या सप्टेंबरच्या तक्रारींचा निकाल आज कसा लागला असता? आर्सेनिक लघवीतून काही दिवसांत निघून जाते, पण केसांत आणि नखांत गंधक भरपूर, म्हणून तिथे ते अडकून राहते, आणि केस वाढतो तसे तारीखवार पुढे सरकते. बडोद्याच्या घटनेच्या तीनच वर्षे आधी, नोव्हेंबर १८७१ मध्ये, उत्तर ध्रुवाच्या शोधात निघालेला अमेरिकन चार्ल्स फ्रान्सिस हॉल ग्रीनलंडच्या बर्फात कॉफीचा पेला घेतल्यावर आजारी पडून मेला. मला विष दिले, असे तो मरताना म्हणत होता. १९६८ मध्ये त्याचे थडगे उकरले. बर्फाने प्रेत सांभाळले होते. टोरांटोच्या प्रयोगशाळेने नखाचे तुकडे करून मोजले आणि सांगितले, शेवटच्या दोन आठवड्यांत याच्या पोटात पुष्कळ आर्सेनिक गेले. ते दुसऱ्याने दिले की औषध म्हणून त्याने स्वतः घेतले, हे नखालाही सांगता आले नाही.

मल्हारराव १८८२ मध्ये मद्रासेतच वारले, पन्नाशी नुकतीच उलटलेली असताना. फेअर दुसऱ्या अफगाण युद्धात फौज घेऊन कंदाहारकडे गेला, जनरल झाला, सर झाला, आणि १८९७ मध्ये सत्याहत्तराव्या वर्षी लंडनला अंथरुणावर मेला.